कोपीतलं कणीस

गंगव्वा बिराजदार यांच्या परातीतलं पीठ डोळ्यांदेखत पातळ झालं, तेव्हा सगळ्यात आधी त्यांनी स्वतःच्या हातांना दोष दिला.

"म्हातारपण गं बाई, दुसरं काय," त्या म्हणाल्या. "आधणाचा अदमासच चुकलालाय."

अहो, अदमास कसला चुकतोय! हाळसांगवीत अशी एक बाई नव्हती जी गंगव्वांच्या भाकरीला नाव ठेवील. साऱ्या गावाची ती आव्वा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून त्यात कढत पाणी ओतायचं, कालथ्यानं कालवायचं, हाताला सोसवेल इतपत निवलं की मळायचं आणि थापायचं. सात वर्षांच्या पोरीपासून सगळ्यांना हे येतं. आव्वांनी त्या दिवशीही नेमकं तेच केलं होतं. आणि पीठ गोळा व्हायच्या ऐवजी आधी सैल पडलं, मग ओघळलं, आणि परातीत पेजेसारखं पसरलं.

धाकटी लेक शिवलीला, घरची लीला, सुट्टीला घरी आली होती. ती चुलीपाशी पाय पसरून बसली होती आणि भाकरीची वाट पाहत होती. पुण्याच्या मोठ्या कंपनीत शास्त्रज्ञ असलेली बाई, पण माहेरी आली की दहा वर्षांची होई. तिने गंमत म्हणून परातीत बोट बुडवलं आणि चाटलं. जिभेला गोड लागलं. तिनं पुन्हा बोट बुडवून चाटलं.

"काय गं, तोंड का असं झालं?" आव्वांनी विचारलं.

"काही नाही," लीला म्हणाली. "हे पीठ राहू दे. मी पुण्याला नेते."

"पेज नेतीस पुण्याला? येडी का खुळी?" आव्वा हसल्या. लीलाला हसू आलं नाही, कारण हे पीठ पातळ का झालं हे साऱ्या मुलखात तिच्याइतकं कुणालाच कळलं नसतं. ते तिनेच तसं बनवलं होतं.

आता थोडं शास्त्र सांगतो. घाबरू नका, भाकरी थापता येत नसली तरी समजेल. ज्वारीचा दाणा म्हणजे मुख्यतः पिष्ट, म्हणजे साखरेच्या कणांच्या लांबच लांब माळा. या माळा जाळीसारख्या एकमेकींत अडकतात म्हणून पिठाचा गोळा होतो. पण दाण्यापासून इंधन करायचं तर त्याचं आधी मद्यार्क करावं लागतं, आणि मद्यार्क करणाऱ्या यीस्टला माळा खाता येत नाहीत, सुटी साखर लागते. म्हणून कारखान्यात धान्य शिजवून त्यात माळा कापणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, घालावं लागे. ते महाग पडे. लीलाच्या गटाने काय केलं, तर गरम पाण्याच्या कुंडात राहणाऱ्या एका जिवाणूकडून तसल्या विकराचं जनुक उचललं आणि ज्वारीच्या दाण्यातच बसवलं. दाणा थंड असेतो ते विकर झोपलेलं. उष्णता लागली की जागं होतं आणि माळा कचाकचा कापत सुटतं. कारखान्यानं फक्त धान्य तापवायचं, बाकी काम दाणाच करणार! आणि कंपनीला सगळ्यात आनंद कशाचा झाला ठाऊक आहे? एका दाण्यातलं विकर आसपासच्या दहा दाण्यांचं पिष्टही कापून मोकळं होतं. ओंजळभर ही ज्वारी परातभर साध्या ज्वारीत मिसळली तरी सगळ्याची पेज होते.

लोकांनी तिला नाव दिलं टाकीची ज्वारी, कारण ती विमानांच्या टाकीत जायची. विमानांनी खनिज तेल कमी जाळावं, शेतात उगवलेलं इंधन वापरावं, असा ठराव साऱ्या देशांनी मिळून केला होता. हेतू चांगला होता, त्यात कुणी खोटं बोललं नव्हतं. कुठं मका टाकीत गेला, कुठं पाम, आमच्याकडं ज्वारी. पिकवणाऱ्यांना भाव चांगला मिळाला. हाळसांगवीत घरांवर मजले चढले, दारात गाड्या आल्या, आणि लीलाच्या नावाने गावच्या चौकात फलकसुद्धा लागला.

मग हळूहळू ताटाकडं लक्ष गेलं. खायची ज्वारी महागली, म्हणून लोक गव्हाकडं वळले. गहू महागला, म्हणून तांदळाकडं. कुठल्याशा लांबच्या देशात पाऊस पडला नाही. तिथल्या लोकांना धान्य विकणाऱ्या देशांनी आपलं धान्य आधीच टाक्यांत ओतलेलं. तिथं माणसं उपाशी मरू लागली आणि इथं भाव आभाळाला भिडले. रेशनवर धान्याऐवजी पोषणपुडीची पाकिटं आली. पाण्यात कालवून प्यायची, जीव जात नाही एवढंच. टाकीची ज्वारी पिकवणारे गावकरीसुद्धा धान्य विकत घेऊन खात होते, आणि विकत मिळेनासं झालं की पुडी पीत होते.

तरी एक गोष्ट शाबूत होती. रब्बीचा शाळू. थंडीत येणारी, मोत्यासारखी टपोरी, खायची ज्वारी. आव्वांसारख्या हट्टी माणसांनी वावराचा एक तुकडा तिच्यासाठी राखला होता. आव्वांच्या घरच्या शाळूचं बियाणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मडक्यावर मडकं रचलेली उतरंड होती. तिच्या सगळ्यात खालच्या मडक्यात ते बियाणं असे, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेलं. आणि गावाची रीत अशी, की हाळसांगवीची कुठलीही लेक सासरी निघाली की आव्वांनी तिच्या पदरात या बियाण्याची ओंजळ बांधायची. बियाणं जुनं झालं, पीक हलकं पडलं, की पंचमीला माहेरी आलेल्या लेकी परत ओंजळ घेऊन जायच्या.

तर या शाळूत टाकीची ज्वारी आली कुठून?

येणं शक्यच नव्हतं. हे लीलानेच लिहून दिलं होतं. टाकीची ज्वारी पावसाळी, फुलते पावसाळ्यात. शाळू फुलतो थंडीत. दोघींची फुलायची वेळ वेगळी, तेव्हा परागकण एकमेकींना भेटणार कसे? टाकीच्या ज्वारीचं बियाणंही कंपनीच्या हातातच असे. पेरणी कंपनीच्या यंत्रानं व्हायची, कापणीही. कुणी त्यातला दाणा उचलून मुद्दाम शाळूच्या बियाण्यात मिसळला तरच घोटाळा होणार, आणि असा वेडेपणा कोण करील?

पुण्याला परतल्यावर कळलं की आव्वा एकट्या नाहीत. ठिकठिकाणच्या गिरण्यांतून तक्रारी येत होत्या. तिच्या वरचे डॉ. आगाशे भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नकाशा लावून बसले होते. जिथं पीठ पातळ झालं तिथं तांबडा ठिपका.

"मला काही उमगत नाहीये, शिवलीला," आगाशे म्हणाले. "वाऱ्याने पसरलं म्हणावं तर वाऱ्याच्या दिशेला ठिपके नाहीत. ट्रकमधून सांडलं म्हणावं तर रस्त्याच्या कडेने नाहीत. आपल्या कारखान्यापाशी तर एकही नाही. हा इकडे, हा तिकडे. काही ताळतंत्रच नाही."

लीला नकाशापाशी गेली. उमरगा. चाकूर. कर्नाटकातलं आळंद. भालकीच्या पलीकडचं एक खेडं, ज्याचं नाव पुण्यात कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण तिला ठाऊक होतं. तिथं सुनंदा दिली होती, तिच्याबरोबर शाळेत असलेली. उमरग्याला शोभा. आळंदला कुंभाराची कस्तुरा. तिनं एकेका ठिपक्यावर बोट ठेवलं, आणि प्रत्येक ठिपक्यात तिला हाळसांगवीची एक पोर दिसली, हिरव्या शालूतली, पदराला गाठ मारलेली. सगळ्या ठिपक्यांच्या मधोमध हाळसांगवी होती.

तिचं बोट तिथंच थांबलं.

तिला येळवस आठवली. मार्गशीर्षातली अमावास्या. लातूर भागात त्या दिवशी घरात माणूस राहत नाही, सगळे वावरात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव मांडायचे, ज्वारीच्या पिठाची आंबील, भाज्यांची भज्जी आणि वाफवलेल्या उंड्यांचा निवेद्य दाखवायचा, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाका मारमारून जेवू घालायचं. बरीच वर्षं झाली. टाकीच्या ज्वारीचं पहिलं पीक नुकतंच हाती आलं होतं, पुण्यात, कुलपाआडच्या वावरात. त्यातलं एक कणीस लीलाने वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातलं होतं. चोरी म्हणून नाही हो. शाळेत बक्षीस मिळालं की पोर घरी दाखवायला नेते ना, तसं.

"हे मी केलंय, आव्वा," तिनं सांगितलं होतं.

आव्वांनी ते कणीस दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, आणि कोपीत पांडवांपुढं ठेवलं. आणि कोपीतल्या कणसाचं पुढं काय होतं हे बिराजदारांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. पूजा झाली की त्याचे दाणे मळून बियाण्याच्या मडक्यात मिसळायचे, म्हणजे देवाचा आशीर्वाद दाण्यादाण्याला लागतो. लीलाने ते लहानपणापासून पाहिलं होतं. पण पाहिलं होतं ते आव्वाच्या लीलाने. कंपनीतल्या शिवलीला बिराजदारला ते त्या दिवशी आठवलं नाही. आंबील पिऊन ती आंब्याखाली गाढ झोपली होती.

त्या दाण्यांना ना पावसाळा भेटला ना कंपनीचं यंत्र. ते शाळूबरोबर पेरले गेले, शाळूबरोबर फुलले, मडक्यात वर्षागणिक वाढत गेले, आणि लेकींच्या पदरात बसून गावोगाव गेले.

"अहवालात बियाण्याची चोरी असं घालू," आगाशे म्हणत होते. "अज्ञात शेतकऱ्यांनी..."

"शेतकऱ्यांनी नाही, सर," लीला म्हणाली. "मी नेलं."

तिनं सगळं सांगितलं. आगाशेंनी पडद्यावरचा नकाशा बंद केला. माणूस वाईट नव्हता. शेवटी हळूच म्हणाले, "हे लिहिलं तर तुमच्या आईचं नाव येईल. सगळा मुलूख त्यांना शिव्या घालील. विचार करा."

लीलाने अहवालात स्वतःचं नाव घातलं, आव्वांचं घातलं नाही. नोकरी गेली. त्याचं तिला फारसं दुःख झालं नाही, दुसरंच काही डोक्यात होतं. शुद्ध बियाणं. सरकारी शीतकोठारात शाळूचे इतर वाण चमचा-चमचा होते, पण ते वाढवून पेरण्याजोगं व्हायला कितीतरी हंगाम जाणार. आणि आव्वांचं बियाणं तर तिथं कधी पोचलंच नव्हतं. ते नेऊन द्यायचं काम लीलाचं होतं. घरचंच तर आहे, देऊ पुढच्या खेपेला, असं म्हणत ते राहून गेलं होतं. आता आपल्या माणसांच्या हातून जे गेलं ते परत आणायचं, एवढाच एक ध्यास तिला लागला.

पण आधी आव्वांना सांगायला हवं होतं.

आव्वा ओट्यावर सुपात डाळ निवडत होत्या. लीलाने सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांचे हात चालूच होते. कणीस म्हणताच थांबले.

"मंजी माझ्या हातनं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या, आव्वा. कणीस मी आणलं."

"कणीस तुझं. हात माझा." आव्वांनी सूप खाली ठेवलं. "सुनंदाच्या घरी बी? शोभाच्या?"

लीलाने मान डोलावली.

"कस्तुराच्या बी?"

"हो."

आव्वा रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आपल्या तळव्यांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माहेराहून न्यायचं मनून पोरी आशेनं यायच्या गं. लेकींच्या परातीत मीच पानी ओतलं."

त्यानंतर त्या कुणाच्या दारात गेल्या नाहीत. बायका हाका मारायच्या, त्या ओ द्यायच्या नाहीत. घरात पोषणपुडी कालवून प्यायच्या. लीलाने सोलापुराहून महागामोलाची, परमुलखातली शेरभर शुद्ध ज्वारी आणली, गिरणीतून दळून आणली, तर तीही परातीत पातळ झाली, कारण गिरणीच्या दगडाला आधीचं पीठ चिकटलेलं. आव्वांनी परात उपडी घालून ठेवली ती ठेवलीच.

एका दुपारी त्या अचानक बोलल्या.

"नीलीकडं असल."

लीला दचकली. या घरात हे नाव कितीतरी वर्षांत उच्चारलं गेलं नव्हतं. नीलांबिका, तिची थोरली बहीण. लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट वाजवणाऱ्या मारुतीबरोबर निघून गेली होती, जातीबाहेर. लिंगायताच्या घरातली लेक वाजंत्र्याच्या घरी गेली म्हणून आव्वांनी तिच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही अशी शपथ वाहिली होती. ती पाळलीही होती. वडील गेले तेव्हा नीला दारापर्यंत येऊन परत फिरली होती, ओट्यावर सुद्धा चढली नव्हती.

"तिला तू कुठं बियाणं दिलंस?" लीलाने विचारलं.

"दिलं न्हाय. तिनं घेतलं." आव्वा भिंतीकडं पाहून बोलत होत्या. "निघायच्या आदल्या दिशी मडक्यात हात घातला तिनं. मी दारात हुते. बघितलं. बोलले न्हाय. तुझ्या कणसाच्या लई आधीची गोष्ट ही. तिचं चांगलं असल." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "जा. माग. पन मी पाठवलं मनून सांगू नको."

लीला लगेच निघाली. नीलाक्का जतच्या पलीकडं राहत होती, माळावर, पत्र्याच्या दोन खोल्यांत. दारासमोर मारुतीच्या वाट्याचा वावराचा एक तुकडा होता. लीलाने गाडीतून उतरतानाच त्याच्याकडं पाहिलं. पेरणीचे दिवस होते आणि वावर नांगरूनही ठेवलेलं नव्हतं.

"लीले!" नीलाक्का धावत आली, गळ्यात पडली, मग मागं सरून बहिणीला न्याहाळलं. "किती गं वाळलीस. तुझं नाव ऐकलं बातम्यांत. आव्वा बरी हाय ना?"

"बरी आहे." लीलाला दम नव्हता. "अक्का, तू घरून शाळूचं बियाणं आणलं होतंस. अजून पेरतेस का ते?"

नीलाक्काचा चेहरा एकदम उतरला. "आत ये," ती म्हणाली.

आत कोपऱ्यात एक मडकं होतं, तोंडावर फडकं बांधलेलं, आव्वा बांधायची तस्संच. नीलाक्काने फडकं सोडलं. आत राख होती, कडुलिंबाचा वाळका पाला होता. लीलाने हात घालून राख चाळली. बोटांना एकही दाणा लागला नाही.

"दरसाल पेरायचे मी," नीलाक्का म्हणाली. "वावरच केवढं? खाऊन-पिऊन मडकंभर उरायचं. ह्यांचा बँड चालू हुता तवर काय वाटलं न्हाय. पन आता लगनं चहावर हुतात गं. पंगत घालायची कुनाची ऐपत हाय? आन्‌ चहाच्या लग्नाला बँड कोन लावतंय? हे घरीच बसले. रेशनची पुडी प्यायलालो आमी सगळे."

"मग?"

"आषाढात माझी धाकटी मला मनाली, आई, चावायला दे काहीतरी." नीलाक्का थांबली. "पुडी चावता येत न्हाय ना. नुसती गिळायची. ती आपली वेणीचं टोक चावत बसायची. शेजारी जनावराचा कडबा हुता तर तो चावताना सापडली मला."

लीलाच्या डोळ्यांपुढं काहीतरी लालभडक झालं. "पण बियाणं, अक्का! सगळं? मूठभर तरी ठेवायचं होतंस! तुला कल्पना नाही ते किती... पेरलं असतंस तर माघात मडकंभर झालं असतं!"

"माघात?" नीलाक्काचा आवाज चढला नाही, पण तिच्या बोलण्यात धार आली. "पोटाला सांगू का माघापस्तोर थांब मनून? तू सांगितलं असतंस तुझ्या पोराला?"

लीलाने राखेचा हात मडक्यातून बाहेर काढला. तिच्या लक्षात आलं की आपण कुणाला आणि कशासाठी रागावतोय. आपणच केलेली ज्वारी विमानांत बसून उडतेय म्हणून ही पोर कडबा चावत होती. आपल्या कणसाने आईच्या मडक्यातलं बियाणं नासवलं, आणि आपल्या शोधाने चढवलेल्या भावाने बहिणीच्या मडक्यातलं खाल्लं. दोन्हीकडून आपणच. तिला हुंदका आवरेना.

नीलाक्काने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "घरच्याच जात्यावर दळलं," ती हळू आवाजात सांगू लागली. "पोरं जात्याभवती बसली हुती, पीठच खायला लागली. लीले, काय भाकरी झालत्या गं! टम्म फुगल्या. पापुद्रा असा अल्लाद सुटला. धाकटी मनाली, आई, ह्यातनं वाफ निगते. तिला वाफेची भाकरी आटवतच नव्हती."

मग ती उठली, फळीवरचा डबा काढला, आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी लीलाच्या हातात दिलं. ती कडक भाकरी होती. पातळ थापून, निखाऱ्यावर कुरकुरीत करून वाळवलेली, आमच्याकडं प्रवासाला नेतात तसली. महिनोन्‌महिने टिकते.

"एक ठिवली हुती," नीलाक्का म्हणाली. "का ठिवली, मला बी म्हाईत न्हाय. पोरं मागायची, मी द्यायची न्हाय. आव्वाला दे. खायची न्हाय ती माझ्या घरचं, म्हाईत हाय मला. पन दे."

परतीच्या वाटेवर ती भाकरी लीलाच्या मांडीवर होती. दोन्ही कडांना टाकीच्या ज्वारीची वावरं होती, नजर पोचेल तिथवर, माणसाच्या डोक्यावरून उंच. दाणे भरलेले. वर आकाशात विमानाची पांढरी रेघ होती. क्षणभर तिच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली. भाकरीचा तुकडा प्रयोगशाळेत दिला तर त्यातलं जनुक वाचता येईल, आव्वांच्या शाळूची नोंद राहील. पण भाजलेल्या दाण्याला कोंब फुटत नाही. नोंद घेऊन काय करायचं होतं तिला?

आव्वा ओट्यावरच बसल्या होत्या. लीलाच्या हातात पिशवी नाही हे त्यांनी फाटकापासूनच पाहिलं असावं, कारण त्यांनी बियाण्याचं विचारलंच नाही.

"कशी हाय नीली?"

"केस पिकलेत. दोन मुली आहेत. धाकटी तुझ्यासारखी दिसते." लीला त्यांच्याजवळ बसली. "आव्वा, तिनं बियाणं दळलं. मुलींना खायला काही नव्हतं."

आव्वा लांब कुठंतरी बघत होत्या.

"भाकरी झाल्या का बरोबर?"

"फुगल्या म्हणाली. पापुद्रा सुटला."

"पोरी पोटभर जेवल्या?"

"जेवल्या."

"मंग बरं झालं," आव्वा म्हणाल्या. "मडक्यात ठिवून काय करायचं हुतं. खायसाठीच असतं ते." असं म्हणताना त्यांचे तळवे मांडीवर हळूहळू थापत होते. आपण काय करतोय हे त्यांना कळत नव्हतं.

लीलाने कापड सोडून भाकरी पुढं ठेवली. कुणाच्या हातची, हे सांगावं लागलं नाही. आव्वा तिच्याकडं पाहत राहिल्या. लीलाला वाटलं, आता सरकवून देतील. आव्वांनी वाटीत पाणी घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला, भिजवला आणि तोंडात घातला. दात नव्हते, बराच वेळ घोळवत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"लहानपनापासनं सांगलाले हिला," त्या म्हणाल्या, "भाकरीत मीठ बेतानं घाल. आजून जास्तच पडलालंय."

लीलाने मान वळवली.

तुकड्यामागून तुकडा करत त्यांनी सगळी भाकरी खाल्ली. मग म्हणाल्या, "तिला निरोप दे. येळवसीला ये मनावं. दोनी पोरी घेऊन ये. त्यालाबी आन मनावं, त्येच्या वाजंत्रीसकट. मी आंबील करीन."

"कशाची करशील, आव्वा?" लीलाच्या तोंडून निघून गेलं.

कापडावर भाकरीचा चुरा पडला होता. आव्वा बोट ओलं करून तो एकेक कण टिपू लागल्या.